छापील टाइलची शेड सात फिल्टरांच्या कॅमेऱ्याने मोजताना : कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी

आधी अडचण. छापील टाइलची शेड लॉटगणिक सरकते आणि एकाच जमिनीवर दोन लॉट शेजारी आले की भांडण ठरलेलं. आमच्याकडे चांगला स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग आकड्यांत मोजणारं यंत्र) आहे, पण त्याचं भोक ८ मिलिमीटरचं. लाकडाच्या रेषा छापलेल्या टाइलवर तो एक सेंटिमीटर बाजूला सरकवला की आकडा तीनने बदलतो. नेमका कुठला आकडा धरायचा? म्हणून शेवटचा शब्द अजून शेड बघणाऱ्या काकांच्या डोळ्यांचा.

मागे साधा आरजीबी कॅमेरा (लाल, हिरवा, निळा असे तीनच पट्टे बघणारा) लावून झाला होता. दिवसाच्या उजेडात सारख्या आणि पिवळ्या दिव्याखाली वेगळ्या दिसणाऱ्या दोन तपकिरी टाइल त्याने बिनदिक्कत ‘सारख्या’ ठरवल्या. तीन खिडक्यांतून बघणाऱ्याला त्या जोडीतला फरक दिसत नाही. त्यातून त्या तीन खिडक्या डोळ्याच्याही नव्हेत, सेन्सर बनवणाऱ्याला सोयीच्या.

आता बेत असा : एक मोनोक्रोम कॅमेरा, १२ बिटांचा. लेन्ससमोर फिरतं चक्र. त्यात ४०० (जांभळा) ते ७०० (लाल) नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत दर ५० नॅनोमीटरला एक असे सात फिल्टर, प्रत्येकातून जाणाऱ्या पट्ट्याची रुंदी निम्म्या उंचीवर ४० नॅनोमीटर. चक्राला भोकं आठ आहेत, आठवं तूर्त रिकामं. १२ मिलिमीटरची लेन्स, टाइलपासून ५८ सेंटिमीटर वर. दोन बाजूंनी ४५ अंशांत दोन हॅलोजन दिवे. टाइल ३० बाय ३०. ती स्टँडवर थांबलेली असणार, धावत्या पट्ट्यावर नाही. सात फोटो काढेपर्यंत टाइल हलली तर सगळंच मुसळ केरात.

सहा आठवडे पुरतील असं लिहून दिलंय. (नंतरची भर : सोळा लागले.)

९ फेब्रुवारी

पहिले फोटो. ऑटो एक्सपोजर, ऑटो गेन, सगळं बंद केलं आणि सुखाने कामाला लागले. दोन दिवसांनी सहज एक तपासणी केली : एक्सपोजर (उजेड घेण्याचा वेळ) दुप्पट केला तर आकडा दुप्पट व्हायला हवा. झाला १.३७ पट. गॅमा (फोटो डोळ्याला बरा दिसावा म्हणून आकडे वाकवणारी सेटिंग) चालू राहिला होता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तो ‘प्रतिमा सुधारणा’ या भलत्याच पानावर लपलेला. २ चा ०.४५ वा घात १.३७ येतो, म्हणजे गुन्हेगार जागेवरच सापडला. दोन दिवसांचे फोटो फेकून दिले.

हे काम करणाऱ्या प्रत्येकाने बाकी काहीही करण्याआधी ही दुपटीची परीक्षा घ्यावी. पाच मिनिटं लागतात.

आठव्या भोकावर काळा पत्रा बसवला. अंधाराचा फोटो त्यातूनच घेते. झाकण लावायला विसरण्याचा प्रश्नच मिटला. ४०० च्या फिल्टरला ५५० पेक्षा खूप लांब एक्सपोजर लागतो. हॅलोजनमध्ये जांभळा उजेड मुळातच कमी आणि सेन्सरही तिथे आंधळा. त्यामुळे अंधाराचा फोटो प्रत्येक फिल्टरसाठी त्याच्याच एक्सपोजरएवढा घ्यावा लागतो. सेन्सर तापला की लांब एक्सपोजरमध्ये अंधारसुद्धा उजळतो.

१४ फेब्रुवारी

बाहेरचा उजेड अडवायला स्टँडभोवती काळं सुती कापड लावलं होतं. ४०० च्या फोटोत ते कापड राखाडी दिसलं, शेजारच्या काळ्या टाइलपेक्षा चांगलंच उजळ. कापड धूळ खाल्लेलं असेल म्हणून झटकलं. दुसरं आणलं. तेही राखाडी. मग वाटलं की ४०० चा काळा आकडा चुकतोय, आणि अख्खा दिवस अंधाराच्या फोटोत घालवला.

उत्तर वेगळंच निघालं. एका जुन्या कपाटात ७२० नॅनोमीटरच्या पुढचंच सोडणारा लाल-काळा फिल्टर होता. तो ४०० च्या फिल्टरवर ठेवला. आता एक फिल्टर फक्त जांभळं सोडतो, दुसरा फक्त अवरक्त. दोन्ही मिळून काहीच जायला नको, फोटो काळाकुट्ट यायला हवा. आला तो टाइलचा छान स्पष्ट फोटो, कापडाच्या सुरकुत्यांसकट.

म्हणजे फिल्टर ९०० च्या पुढे गळतो. विकणाऱ्याच्या कागदावरचा आलेख ८०० लाच संपलेला आहे, हे मी आज पाहिलं. सिलिकॉनचा सेन्सर जवळजवळ ११०० पर्यंत बघतो, हॅलोजन सर्वांत जास्त ओततो ते तिथेच, आणि काळ्या रंगवलेल्या सुती कापडाला अवरक्तात काळेपणा नसतोच. तिघांनी मिळून मला फसवलं.

आधी लेन्सवर अवरक्त अडवणारी काच लावली. ती ६८० पासूनच कापायला लागते, ७०० चा फिल्टर अर्धा मेला. ती काढली. आता ७५० पर्यंत सोडणारी काच लेन्सवर, आणि दोन्ही दिव्यांसमोर उष्णतारोधक काच. दोन फिल्टर एकमेकांवर ठेवण्याची परीक्षा पुन्हा घेतली : काळं. गेलेले दिवस चार, शिवाय ४५० चा एक फिल्टर. तो घाईत ओल्या फडक्याने पुसला आणि त्याचा थर ओरखडला. नवा यायला दहा दिवस.

२२ फेब्रुवारी

एकरंगी पिवळी टाइल मध्ये पिवळी, कोपऱ्यांत किंचित लिंबासारखी. पांढऱ्या तक्त्याने सपाटीकरण (प्रत्येक फोटो पांढऱ्याच्या फोटोने भागणं) केलेलं होतं, म्हणजे दोष दिव्यांच्या असमान उजेडाचा नव्हता. टाइल फिरवून ठेवली तरी लिंबूपणा फोटोच्या कोपऱ्यातच राहिला. म्हणजे टाइल निर्दोष.

आमचे फिल्टर व्यतिकरणाचे, म्हणजे पातळ थरांनी रंग निवडणारे. अशा फिल्टरवर किरण तिरका पडला की त्याची तरंगलांबी खाली सरकते. हे शिकले होते, पण किती सरकते हे कधी कागदावर मांडलं नव्हतं. ५८ सेंटिमीटरवरून टाइलचा कोपरा २० अंशांत दिसतो. थरांचा प्रभावी अपवर्तनांक २ धरला तर ५५० चा फिल्टर तिथे ५४२ चा होतो. आठ नॅनोमीटर! पिवळ्याचा चढ (परावर्तन एकदम वाढतं ती जागा) ५०० च्या आसपास असतो, तिथे आठ नॅनोमीटर म्हणजे दुसराच रंग. आणि पांढऱ्या तक्त्याने हे भरून निघत नाही, कारण पांढऱ्याला चढच नाही.

दोन वाटा होत्या. एक, प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळं गणित. दोन, लांब जाणं. गणित करायचा मोह होता, पण ३५ मिलिमीटरची लेन्स घेऊन कॅमेरा १.७ मीटर वर नेला. कोपरा आता ७ अंशांत, सरकणं १ नॅनोमीटर. लिंबू गेलं. स्टँड मात्र छतापर्यंत पोचला आणि फोर्कलिफ्ट गेली की हलतो. पायाखाली रबर टाकलं तरी फोर्कलिफ्ट जाईपर्यंत थांबणं हाच उपाय.

३ मार्च

नवा ४५० आला. सात फोटो एकावर एक ठेवले तर छापील रेषांना एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने जांभळी किनार. फिल्टरच्या दोन बाजू एकमेकींना अगदी समांतर नसतात, त्यामुळे प्रत्येक फिल्टर चित्र थोडं ढकलतो. लेन्स आपल्या परीने प्रत्येक रंगाचं चित्र किंचित लहान-मोठं करते. सर्वांत वाईट ४०० चा : अडीच पिक्सेल उजवीकडे आणि फोकसही ढिला.

ठिपक्यांचा तक्ता ठेवून प्रत्येक फिल्टरसाठी सरकणं, फिरणं आणि मोठं होणं मोजलं आणि सगळ्यांना ५५० वर बसवलं. उरलेली चूक पाव पिक्सेलच्या आत. ढिल्या फोकससाठी लेन्सचं तोंड एफ/४ वरून एफ/८ वर आणलं, उजेड चौपटीने घटला. ५५० ला आता २५ मिलिसेकंद, ४०० ला १.२ सेकंद. एका टाइलला एकूण नऊ सेकंद, त्यातले बहुतेक चक्र फिरण्यात जातात.

२५ मिलिसेकंदांवर उजेड प्रत्येक फोटोत अर्धा-पाऊण टक्का वरखाली व्हायचा. हॅलोजन एसीवर लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. डीसी पुरवठा लावला, मिटलं.

याच काळात थंड केलेला भारी कॅमेरा मागवायचा विचार जोरात होता, नॉइज (आकड्यांतली आपोआपची थरथर) कमी करायला. आधी हिशेब केला. एका पिक्सेलमध्ये दहाएक हजार इलेक्ट्रॉन, म्हणजे एक टक्का नॉइज. ८ मिलिमीटरच्या गोलात सुमारे दोन हजार पिक्सेल. सरासरीत नॉइज राहतो ०.०२ टक्के. ज्या गोष्टीने मला त्रासच नव्हता तिच्यावर खर्च करणार होते.

१० मार्च

आता सात आकड्यांवरून परावर्तनाचा पूर्ण वक्र काढायचा : ४०० ते ७००, दर १० ला एक, ३१ आकडे. हाताशी २४ रंगांचा छापील तक्ता होता. सरळ सात ते एकतीस असं रूपांतर केलं. तक्त्यावर सरासरी डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) ०.६. खूश. टाइलवर ३.१. नाखूश.

मग मी ते केलं जे प्रत्येक जण करतो आणि कोणी लिहीत नाही. सात आकड्यांबरोबर त्यांचे वर्ग आणि आपसातले गुणाकारही घातले. तक्त्यावरची चूक शून्य! दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत शून्य. संध्याकाळी सगळ्यांना स्क्रीन दाखवला.

रात्री झोपताना मोजलं : ७ अधिक २८, एकूण ३५ पदं. तक्त्यातले रंग २४. अज्ञातं समीकरणांपेक्षा जास्त असली की शून्य चूक कोणालाही काढता येते. सकाळी एका करड्या टाइलचा वक्र काढला तर तो ४३० ला खाली ऋणात गेलेला. टाइल उजेड गिळून वर आणखी मागत होती.

ज्यांना मी काल स्क्रीन दाखवला त्यांना आज हेही सांगावं लागलं.

१९ मार्च

गेले नऊ दिवस या नोंदवहीला हात लावला नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. गणित बदललं. आता वीनरची पद्धत : शेजारशेजारच्या तरंगलांब्यांचं परावर्तन एकदम उडी मारत नाही एवढं गृहीत धरते आणि नॉइज किती हे आधीच सांगावं लागतं. वक्र गुळगुळीत आले, ऋणात जाणं थांबलं. पण स्पेक्ट्रोफोटोमीटरशी जुळेनात. फिकट रंग ठीक, गडद रंग भयानक. गणितात हा बदल, तो बदल, नऊ दिवस.

आज वैतागून चकचकीत काळी टाइल दोन्हीकडे मोजली. कॅमेऱ्यात एल (उजळपणाचा आकडा, काळा ०, पांढरा १००) ७. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये २६. गणिताच्या चुकीने एवढा फरक पडत नाही. २६ म्हणजे परावर्तन ४.८ टक्के, ७ म्हणजे ०.८. मधे नेमके चार टक्के. काचेसारख्या पृष्ठभागावरून आरशासारखा परततो तेवढाच उजेड!

आमचं यंत्र गोलाचं आहे, सगळीकडून उजेड टाकून ८ अंशांवरून बघणारं. त्यात लकाकी धरायची की वगळायची याचा पर्याय असतो. आमचा ‘धरलेली’वर होता, कारण मागे कोणीतरी कच्च्या रंगद्रव्यासाठी तसा ठेवला होता आणि त्या कामाला तेच बरोबर आहे. माझा कॅमेरा ४५ अंशांचा उजेड सरळ वरून बघतो, त्याला लकाकी दिसतच नाही. पर्याय बदलला : काळी टाइल ८.

मी ज्याला खरं मानून सगळं शिकवत होते तेच वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होतं. आजही दोन्ही यंत्रं हुबेहूब जुळत नाहीत, विशेषतः अर्धचकचकीत टाइलवर. जुळणारही नाहीत, तिथे लकाकी किती वगळली गेली हे प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं.

पर्यायाचं बटण दाबायला दोन सेकंद लागले. गेलेले दिवस नऊ.

२८ मार्च

वेळ वाचावा म्हणून काळा तुकडा चार पांढऱ्या तुकड्यांच्या मधे ठेवून एकदम फोटो घेतला. काळ्याचं एल ७ वरून १४ वर. तुकडा तोच, जागा तीच. पांढरे काढले, पुन्हा ७.

लेन्समध्ये आणि फिल्टरच्या काचांमध्ये उजेड इकडेतिकडे आपटून सगळ्या चित्रावर पातळ धुक्यासारखा पसरतो. पांढऱ्याशेजारी एक टक्का धुकं म्हणजे पांढऱ्याला काहीच नाही, काळ्याला मात्र दुप्पट. स्टँडचा आतला भाग मॅट काळा केला, लेन्सला लांब नळकांडं लावलं, फिल्टरवरचे बोटांचे ठसे काढले (यावेळी योग्य द्रवाने). धुकं निम्म्याहून कमी झालं. पूर्ण गेलं नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटीची टाइल या यंत्रावर अजूनही भरवशाची नाही, आणि तसं मी मोजणीच्या कागदावर छापून टाकलंय.

८ एप्रिल

रोज सकाळी संदर्भ टाइलचा संच मोजते. करड्या टाइल दिवसभर जागच्या हलत नाहीत. नारिंगी आणि लाल मात्र सकाळी एक आणि दुपारी दुसरी. काल दुपारपर्यंत नारिंगी ०.९ ने सरकली.

पहिला संशय दिव्यावर. दिवे आता सकाळी पाऊण तास आधी लावते, शिवाय फोटोच्या कडेला एक पांढरी पट्टी कायमची बसवली आहे आणि प्रत्येक फोटो तिने भागते. पट्टी स्थिर होती. मग ६०० च्या फिल्टरवर संशय, तो उष्णतेने सरकतो का म्हणून. पण मग लालसर तपकिरी टाइलनेही तसंच वागायला हवं होतं, आणि ती शांत होती.

शेवटी नारिंगी टाइल हातात घेतली. कोमट होती. दोन तास दिव्याखाली पडून होती बिचारी.

लाल, नारिंगी, पिवळ्या टाइलमधली रंगद्रव्यं तापली की त्यांचा शोषणाचा कडा लांब तरंगांकडे सरकतो. मी थर्मामीटर चिकटवून मुद्दाम मोजलं : २३ वरून ३३ अंशांवर नारिंगी जवळजवळ दीड डेल्टा ई, लालही फारशी मागे नाही, करडी जागची हलली नाही. मोजणाऱ्यांच्या जगात हे जुनं ज्ञान आहे. संदर्भ टाइल नेहमी ठराविक तापमानाला मोजायच्या असतात आणि संचाबरोबरच्या कागदावर ते छापलेलंही होतं. मी फक्त आकड्यांचा तक्ता वाचला होता.

आता संदर्भ टाइल डब्यात, मोजायच्या वेळी बाहेर, मोजलं की आत. दिवे चालू, पण मधे पडदा.

२४ एप्रिल

आजची नोंद मोठी आहे, कारण पहिल्यांदाच सगळं जागेवर बसलं.

कागदी तक्ता सोडून दिला. आमच्याच ग्लेझचे ६४ एकरंगी तुकडे भट्टीतून भाजून घेतले. त्यात कोबाल्टची निळी, क्रोमची हिरवी, लोहाची तपकिरी, सगळी खरी रंगद्रव्यं. ४४ तुकड्यांवर शिकवलं, २० तुकड्यांना गणिताने कधी पाहिलंही नाही. त्या २० वर सीआयईडीई२००० ने (डेल्टा ई काढण्याचं एक सूत्र) सरासरी ०.७, सर्वांत वाईट १.९. वाईट निघालेला एक अर्धचकचकीत लाल, त्याचं कारण १९ मार्चला लिहिलंय. एकच टाइल दहा वेळा उचलून ठेवून मोजली तर फरक ०.०५ च्या आसपास. लॉट-ते-लॉट तुलनेला मला खरं तर हाच दुसरा आकडा महत्त्वाचा.

मग एक उचापत केली. एकेक फिल्टर गणितातून काढून पाहिला. ६०० काढला तर सगळं कोसळतं. ४०० आणि ७०० दोन्ही एकदम काढले तरी सरासरी ०.७ ची ०.८. ज्या ४०० साठी मी महिना घालवला, गळती, फोकस, सव्वा सेकंदाचा एक्सपोजर, तो सरासरीत दिसतसुद्धा नाही. डोळाच त्या टोकाला जेमतेम बघतो.

आनंदाने दोन्ही काढून टाकणार होते. पण सरासरी बाजूला ठेवून एकेक तुकडा पाहिला. कोबाल्टचे निळे तुकडे पिवळ्या दिव्याच्या हिशेबात २.५ पर्यंत घसरले होते. कोबाल्ट निळा मध्ये सगळं गिळतो आणि ७०० च्या जवळ पुन्हा वर चढतो. दिव्याखाली तो जांभळट दिसतो तो त्या शेपटीमुळे. ७०० चा फिल्टर नसेल तर गणिताला ती शेपूट आहे हे कळणार कसं? शेजारचे आकडे गुळगुळीत आहेत एवढंच त्याला माहीत. ७०० राहिला. ४०० ही राहिला, काढायचा असेल तर चक्र पुन्हा उघडावं लागेल आणि तेवढी हिंमत आता नाही.

९ मे

नक्षीच्या टाइलची सरासरी. मी प्रत्येक पिक्सेलचा लॅब (एल आणि रंगाचे दोन आकडे) काढून त्यांची सरासरी घेत होते आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या गोलाशी ते जुळत नव्हतं. चूक माझी. समजा गोलात अर्धा भाग ५ टक्क्यांचा, अर्धा ८० टक्क्यांचा. उजेडाची सरासरी ४२.५, त्याचं एल ७१. पण दोघांचं वेगवेगळं एल काढून सरासरी घेतली तर ५९. भोकातून यंत्र उजेडच गोळा करतं. आता परावर्तनाची सरासरी आधी, लॅब नंतर.

मात्र एका गोलाचा आकडा हे आमचं उत्तर नाहीच. अख्ख्या टाइलचे पार्श्वभूमी, मधला रंग आणि गडद रेषा असे तीन भाग पाडले आणि प्रत्येकाची वेगळी सरासरी. यामुळे एक जुना प्रश्न सुटला : गेल्या लॉटमध्ये पार्श्वभूमी तीच होती, फक्त रेषांची शाई फिकी पडली होती. एकाच आकड्यात दोन्ही मिसळले की काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं, काय बिघडलंय ते कळत नाही.

१७ मे

यंत्र भट्टीच्या बाहेर पडणाऱ्या रांगेजवळ हलवलं आणि पहिल्याच दिवशी विटकरी टाइलचे सलग चाळीस नग नापास. एकेक नग तिथेच थोडा वेळ ठेवून पुन्हा मोजला तर पास.

८ एप्रिलची नोंद मीच लिहिली होती, तरी अर्धा तास दिव्यांकडे बघत राहिले. टाइल ५० अंशांवर येत होत्या. संदर्भ टाइलला डब्यात जपणारी मी, मोजायची टाइल गरमागरम ठेवत होते. स्टँडला बिनस्पर्शाचा थर्मामीटर लावला. ३० च्या वर असेल तर यंत्र मोजतच नाही, ‘थांबा’ म्हणतं. रांगेवरच्या लोकांना हे आवडलेलं नाही. प्रत्येक ग्लेझसाठी तापमानाची दुरुस्ती काढता येईल का असं विचारतात. काढता येईल, पण मी काढणार नाही. ग्लेझ बदललं की ती दुरुस्ती गुपचूप चुकणार आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

३० मे

शेड बघणाऱ्या काकांसमोर परीक्षा. त्यांनी निवडलेल्या तीस जोड्या. यंत्राचं आणि त्यांचं सव्वीस ठिकाणी एकमत. दोन ठिकाणी यंत्र चुकलं, दोन्ही काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या, म्हणजे धुकं. एका ठिकाणी काका म्हणाले, “मॅडम, ही मी उद्या पुन्हा बघतो.”

राहिली एक तपकिरी जोडी. यंत्र म्हणालं : दिवसाच्या उजेडात ०.५, पिवळ्या दिव्यात २.६, नापास. काका म्हणाले पास. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, उलटीसुलटी केली, पुन्हा पास म्हणाले. मी टेबलावरचा जुना पिवळा बल्ब लावला. काकांनी दोन्ही टाइल त्याखाली धरल्या, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एक टाइल उलटी करून तिच्या पाठीवर खडूने फुली मारली.

“हा बल्ब माझ्या टेबलावर द्या,” म्हणाले.

दिला. मला दुसरा आणायचा आहे. शिवाय चक्राचा पट्टा कुरकुरतो आणि ५०० च्या फिल्टरच्या कडेला एक बारीक डाग दिसतोय, तो गेल्या आठवड्यात नव्हता.